गाडी लावायच्या जागेत कोणती फरशी टाकलीत? तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. तळेगावला आमचं घराचं काम चालूय, स्लॅब झाला, प्लास्टर संपत आलं आणि आता पार्किंगमध्ये काय टाकायचं यावर घरात रोज रात्री चर्चा. जागा १४ बाय २० फूट, एक चारचाकी, दोन दुचाकी, आणि पावसाळ्यात बाबांचं चालणंही तिथेच. दुकानदार पार्किंग टाइल्स दाखवतो आणि त्यात परत शंभर डिझाइनं, मिस्त्री म्हणतो शहाबादी टाका, मेव्हणा म्हणतो नुसता कोबा करून मोकळे व्हा. ज्यांच्याकडे फरशी टाकून पाच-सात वर्षं झालीत त्यांनी प्लीज लिहा, काय टिकलं आणि काय उखडलं. नवीन असताना सगळ्यांचीच छान दिसते हो, मला जुन्या फरशीबद्दल ऐकायचंय.

नाशिक

आमच्याकडे हॉलच्या चकचकीत २ बाय २ च्या टाइल्स उरल्या होत्या त्याच पोर्चमध्ये टाकून घेतल्या, २०१६ ची गोष्ट. पहिल्याच पावसाळ्यात सासरे ओल्या चपलेने घसरले आणि मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगते की ताई-दादा, पार्किंगमध्ये चकचकीत काही नको. दुसरं म्हणजे त्या टाइलवर डिझाइन फक्त वरच्या पातळ थरात असतं, चाकाबरोबर वाळू येते आणि जिथे स्टिअरिंग वळतं तिथे वर्षभरात ते डिझाइन घासून पांढरं दिसायला लागलं. नंतर सगळं काढून १ बाय १ च्या फुल बॉडी मॅट टाकल्या, त्यात आरपार एकच रंग असतो त्यामुळे ओरखडा गेला तरी कळत नाही. घसरण्यासाठी आर ९ ते आर १३ असा आकडा असतो, जेवढा जास्त तेवढी पकड जास्त. आम्ही आर ११ घेतली. बॉक्सवर नसेल तर दुकानदाराकडून कंपनीचा कागद मागून घ्या, लाजू नका.

सांगली

मी २२ वर्षं फरशी बसवतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोक टाइलची जाडी विचारतात, १० एमएम का १२ एमएम, पण बसवणार कसे ते कुणीच विचारत नाही. दादा, गाडीच्या वजनाने टाइल फुटत नाही, खालच्या पोकळीने फुटते. हिशोब बघा, टायरमध्ये ३३ ची हवा म्हणजे जमिनीवर दाब साधारण सव्वादोन किलो प्रति चौरस सेंटीमीटर, एवढ्याने चांगल्या बसलेल्या टाइलला काही होत नाही. पण मिस्त्रीने चार कोपऱ्यात चार आणि मध्ये एक असे मालाचे ढिगले ठेवून वर टाइल दाबली तर ढिगल्यांच्या मधली जागा रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागेवर बुलेटचा साइड स्टँड आला की खल्लास. सगळा भार दोन बोटांएवढ्या जागेवर येतो ना. जॅकचं पण तसंच, पंक्चर काढताना खाली जाड फळी घ्यायची सवय लावा.

बसवून चार-पाच दिवस झाले की प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून बघा, कोपऱ्यातसुद्धा. टणटण वाजली तर ठीक, भद्द वाजली तर पोकळ आहे, त्याच दिवशी खडूने फुली मारा आणि बदलायला लावा, पैसे द्यायच्या आधी. व्हिट्रिफाइड टाइल, म्हणजे खूप तापवून काचेसारखी घट्ट केलेली, जवळजवळ पाणी पीत नाही त्यामुळे साध्या सिमेंटला नीट धरत नाही, अॅडेसिव्ह वापरा, दातेरी थापीने पूर्ण पसरवून आणि टाइलच्या पाठीला पण त्याचा एक हात मारून. सांधा ३ एमएमचा ठेवा, स्पेसर घालून. बिनसांध्याची छान दिसते पण उन्हात तापून फुगली की तिला जागा नाही, मग मधूनच उचलते. आणि उतार, २० फुटाला अडीच इंच गेटकडे. हा उतार खालच्या कोब्यातच काढायचा असतो, टाइल बसवताना मालाने काढायला गेलं की एका कडेला अर्धा इंच आणि दुसऱ्या कडेला तीन इंच माल होतो.

यवतमाळ

सांगलीच्या दादांनी टाइलच्या खालचं सांगितलं, मी त्याच्याही खालचं सांगतो. आमची काळी माती. बिल्डरने पाया खोदून निघालेली तीच माती पार्किंगच्या भरावात टाकली, वर जेमतेम तीन इंच कोबा आणि त्यावर महागाच्या टाइल्स. उन्हाळ्यात माती आकसते, पावसाळ्यात फुगते, दुसऱ्या पावसाळ्यात मधली रांग तंबूसारखी वर आली आणि गेट लागेना. टाइल कंपनीशी भांडून काय उपयोग, तिचा दोषच नव्हता. शेवटी तीन फूट माती काढून टाकली, सहा-सहा इंचाचे मुरमाचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मसने ठोकणं, वर डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर. एवढं झाल्यावर टाइल्सचा धीरच होईना म्हणून पेव्हर ब्लॉक टाकले, ६० एमएम जाडीचे, एम ३५ ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा आकडा). दिसायला साधे, पण जागा बसली तर तेवढेच ब्लॉक उचलायचे, खाली कच टाकायची, परत बसवायचे. आत्तापर्यंत एकदा केलंय, अर्ध्या दिवसाचं काम. फक्त कडेला कर्ब, म्हणजे काँक्रीटची पक्की कड हवी, नाहीतर बाहेरची रांग सरकते आणि मग सगळेच सैल होतात.

रत्नागिरी

आमच्याकडे चार महिने पाऊस आणि शेवाळ, त्यामुळे खडबडीत घ्या एवढं सांगून भागत नाही. खोल खाचांच्या चेकर्ड टाइल्स टाकल्या होत्या, खाचेत माती, मातीत शेवाळ, आई दर रविवारी तारेचा ब्रश घेऊन बसायची, तिचे गुडघे गेले त्यात. आता मागच्या अंगणात जांभा आणि गाडीखाली खरबरीत शहाबादी आहे, झाडूने साफ होते. पण शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, अॅसिड चालत नाही. काम झाल्यावर सिमेंटचे डाग काढायला मिस्त्रीने बाथरूमचं अॅसिड ओतलं, फेस आला आणि पांढरे चट्टे पडले ते आजतागायत आहेत. इन्व्हर्टरची बॅटरी पण तिच्यावर ठेवू नका. कोटा, कडप्पा, तांदूर, सगळ्यांना हाच नियम.

न्यू जर्सी

इथलं गणित वेगळं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गाडीखाली चिकटलेला खारट बर्फ गॅरेजमध्ये वितळतो आणि काँक्रीटचे पोपडे निघतात. मी एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या टाइल्स टाकल्या, एका शनिवारात झालं. खाली खारट पाणी साचतं म्हणून वसंतात काही रांगा उचलून धुतो. फिकट रंग घेतला ही चूक, टायर उभे राहतात तिथे पिवळट-तपकिरी डाग आलेत, ते टायरच्या रबरातून उतरतात, घासून जात नाहीत. गडद राखाडी घ्या.

चिंचवड

एक सोपी टेस्ट सांगते. दुकानातून एक नमुना आणा, किचनच्या काट्यावर वजन करा, रात्रभर पाण्यात बुडवा, सकाळी पुसून परत वजन. चांगली व्हिट्रिफाइड स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही, म्हणजे दोन किलोची टाइल असेल तर फार तर १० ग्रॅम. आमच्या दोन नमुन्यांपैकी एकाने ९० ग्रॅम पाणी प्यायलं, आणि दुकानदार दोन्हीला एकाच नावाने विकत होता! दोन बॉक्स जास्तीचे घ्या, एकाच बॅचचे. तीन वर्षांनी तो शेड मिळत नाही.

तळेगाव (मूळ प्रश्नवाली)

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगलीचे दादा, एक विचारायचंय. आमचा कोबा अजून झाला नाहीये. झाल्यावर किती दिवस थांबू? काँट्रॅक्टर म्हणतो आठवड्यात टाइल चालू करू.

सांगली

नको ताई. आधी पाणी मारून नीट पिकू द्या, मग एकूण २८ दिवस तरी थांबा. घाई असेल तर आतल्या खोल्यांची फरशी आधी उरकायला सांगा, त्याचे माणसं रिकामे राहणार नाहीत. थांबल्यावर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने कोब्यावर चिकटवून एक दिवस ठेवा, खाली दव जमलं तर ओल अजून निघतेय. आणि भराव कशाचा आहे ते आजच खणून बघा, यवतमाळकरांचं वाचलंत ना.

तळेगाव

आज दुपारी टिकाव घेऊन गेले होते साइटवर. फूटभर मुरूम आहे, त्याखाली विटांचे तुकडे, प्लास्टरचा राडा, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. काँट्रॅक्टरला तिथूनच फोन केला, उद्यापासून ते सगळं काढायचं ठरलंय. टाइल मॅट फुल बॉडी, गडद राखाडी, १ बाय १. रविवारी चार नमुने घरी आणतेय, अंगणात ठेवून त्यावर बादलीभर पाणी ओतणार आणि बाबांना त्यांच्याच चपला घालून उभं करणार, मी हात धरून.