मुंबईतल्या कम्युनिस्ट पक्षाचा इतिहास (१९२० ते १९६४): वाचायला सुरुवात कुठून करावी?

बोरूबहाद्दर

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटाने यंदा एकच विषय धरायचं ठरवलंय: मुंबई आणि महाराष्ट्रातला कम्युनिस्ट पक्ष, स्थापनेपासून १९६४ च्या फुटीपर्यंत. विषय मी सुचवला, त्यामुळे यादी करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

अडचण अशी की हाताला लागतं ते दोन टोकांचं. एक तर गौरवग्रंथ, ज्यात प्रत्येक कॉम्रेड झुंजार आणि प्रत्येक संप ऐतिहासिक. नाहीतर 'बेचाळीसचे गद्दार' (१९४२ च्या 'छोडो भारत'ला विरोध केला म्हणून) एवढ्या दोन शब्दांत सगळा पक्ष गुंडाळणारे लेख. गटात निम्मे निवृत्त, निम्मे कॉलेजातले. मराठी असेल तर उत्तम, इंग्रजीही चालेल, पण हजार पानी ठोकळे कोणी वाचणार नाही. आणि पहिल्याच बैठकीत भांडण झालं ते स्थापनेच्या सालावरून. १९२० की १९२५?

खडूसकाका

पक्ष कोणता ते सांगा, मग साल सांगतो. :) १९६४ च्या फुटीनंतर पक्ष दोन झाले ना, भाकप आणि माकप. भाकपवाला म्हणेल डिसेंबर १९२५, कानपूर. माकपवाला म्हणेल १७ ऑक्टोबर १९२०, ताश्कंद. ताश्कंदला मानवेंद्रनाथ रॉय धरून सात जण होते. त्यांच्यामागे देशात ना शाखा, ना युनियन. कानपूरला परिषद भरली, सिंगारवेलू चेट्टियार अध्यक्ष होते, पण ती बोलावणारे सत्यभक्त मॉस्कोच्या कम्युनिस्ट इंटरनॅशनलशी संबंध नको म्हणत लगेच बाहेर पडले. म्हणजे एका मुहूर्ताला देश नाही आणि दुसऱ्याला यजमान नाही.

आमच्या मुंबईपुरतं विचाराल तर मी १९२१ धरीन. त्या वर्षी श्रीपाद अमृत डांग्यांनी 'गांधी विरुद्ध लेनिन' ही इंग्रजी पुस्तिका काढली आणि पुढच्या वर्षी 'सोशलिस्ट' साप्ताहिक सुरू केलं. तेव्हा ते विशीतले होते.

गिरणगावकर

काका, साल महत्त्वाचं नाही हे मान्य, पण पुस्तिकेने पक्ष होत नाही. मुंबईत पक्ष उभा राहिला तो १९२८ च्या संपात. एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने गिरण्या बंद, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. कारण साधं होतं: मालकांना कमी माणसांत जास्त काम हवं होतं. दोन साच्यांऐवजी (म्हणजे मागांऐवजी) तीन साचे एकाने सांभाळायचे, वर मजुरीला कात्री. त्या संपाच्या तोंडावर कम्युनिस्टांची गिरणगावात मूठभर माणसं होती. गिरणी कामगार युनियनची नोंदणीच मुळी संप सुरू झाल्यावर, मे महिन्यात झाली आणि वर्ष संपेपर्यंत तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले.

बोरूबहाद्दर, माझा सल्ला: 'पक्षाचा इतिहास' असं नाव असलेलं काहीही पहिल्या बैठकीत घेऊ नका. सहा-सात वादाचे प्रसंग निवडा आणि प्रत्येकासाठी दोन विरुद्ध बाजूंचे कागद वाचा. या पक्षाने ठराव, प्रबंध आणि आत्मटीका इतकी लिहून ठेवली आहे की त्याला त्याच्याच भांडणांतून जितकं ओळखता येतं तितकं त्याच्या गौरवातून येत नाही.

पहिला प्रसंग हा संपच घ्या. संयुक्त संप समितीत डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर होते आणि त्यांच्या शेजारी ना. म. जोशींसारखे मवाळही होते. युनियनचे अध्यक्ष अ. अ. आळवे तर स्वतः गिरणीतले. १७ मागण्या कशा ठरल्या, कोण कशावर अडून बसलं, हे पाहिलंत की बाहेरून आलेले पुढारी आणि खात्यातला कामगार यांचं नातं कळतं. त्यासाठी राजनारायण चंदावरकरांचे लेख वाचा. इंग्रजी जड आहे, पण गडी संपाला फक्त भाषण समजत नाही. जॉबर (कामगार भरणारा मुकादम), चाळ, आखाडा, उधारी देणारा वाणी, सगळे त्यात येतात.

निळी_शाई

१७ मागण्यांचा विषय निघालाच आहे तर एक भर. साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत आणि मजुरी तर तिथेच जास्त. मागावरच्या धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, त्यामुळे विटाळाचं कारण पुढे केलं जाई. ही बंदी घालणारे मालक नव्हते, सवर्ण कामगार होते. बाबासाहेबांनी ती उठवण्याची मागणी संपाच्या यादीत घाला म्हणून आग्रह धरला, तेव्हा पुढाऱ्यांनी ती नाखुशीने घेतली. १९२९ च्या संपाला बाबासाहेबांनी उघड विरोध केला, त्यामागे हे सगळं होतं.

आणि तरीही ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. कामगारांचा संपाचा हक्क काढून घेणारं ते बिल काँग्रेस सरकारने आणलं होतं. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचा. 'आंबेडकर आणि कम्युनिस्ट' यावर हल्ली जे एका ओळीचे निकाल लागतात ते टिकत नाहीत.

यासाठी एक नाव मी ठामपणे सुचवेन: रा. भि. मोरे. महाडच्या १९२७ च्या परिषदेच्या तयारीत पुढे असलेला हा माणूस १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेला आणि बाबासाहेबांशी संबंध न तोडता शेवटपर्यंत पक्षातच राहिला. त्यांच्या आठवणी आणि मुलाने लिहिलेलं चरित्र उपलब्ध आहे, इंग्रजी भाषांतरही झालंय. पक्षाला त्यांनी जातीबद्दल काय लिहून दिलं आणि पक्षाने त्याचं काय केलं, तेवढंच वाचलंत तरी एक बैठक सत्कारणी लागेल.

फाईलवाला

गिरणगावकरांच्या 'दोन बाजूंचे कागद' या मुद्द्याला जोरदार +१. फक्त तिसरी बाजू राहिली: पोलीस.

२० मार्च १९२९ ला देशभर कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि मीरतचा कट-खटला उभा राहिला. एकतीस जण पकडले, नंतर एक वाढला. त्यांत तीन इंग्रज. आरोपी मुंबई-कलकत्त्याचे, मग खटला मीरतला का? कारण तिथे ज्यूरी द्यावी लागत नव्हती. निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये. मुझफ्फर अहमदांना जन्मठेप, डांग्यांना बारा वर्षं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने या शिक्षा तीन वर्षांवर आणल्या.

आता गंमत बघा. झडतीत पोलिसांनी पत्रं, पत्रकं, सभेच्या टिपणांचे चिटोरे, सगळं उचलून नेलं, त्याला क्रमांक घातले आणि पुरावा म्हणून जपून ठेवलं. लपूनछपून चालणाऱ्या पक्षाने स्वतः हे कधीच जपलं नसतं. पुढे गंगाधर अधिकारींनी (मीरतचेच आरोपी, बर्लिनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले) पक्षाच्या इतिहासाच्या कागदपत्रांचे खंड संपादित केले, त्यात मीरतच्या दप्तराचा मोठा वाटा आहे. खंड पूर्ण वाचू नका. अधिकारींच्या प्रस्तावना वाचा आणि मग हवा तो कागद काढा. सोबत गुप्तचर खात्याच्या सेसिल के आणि डेव्हिड पेट्री या प्रमुखांचे अहवाल ठेवा. ते गोपनीय होते, नंतर छापले गेले. पेट्रीला कम्युनिस्टांची धास्ती होती, त्यामुळे तो चार माणसांचं चाळीस करतो, हे ध्यानात ठेवून वाचा.

कॉलेजवाल्यांना काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात पाठवा. गृह खात्याच्या 'स्पेशल' फायली मागायच्या. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र बरोबर असू द्या.

डहाणूची_लोकल

सगळे गिरणगावातच अडकलात. पक्ष म्हणजे काय फक्त परळ-लालबाग?

गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' पहिल्या महिन्यात घ्या. तुमच्या निवृत्त आणि कॉलेजवाल्या दोन्ही मंडळींना एकत्र बांधेल असं हेच एक. मराठीत आहे, साहित्य अकादमी मिळालेलं आहे आणि वाचताना प्रबंधाचा वासही येत नाही. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथून वारली आपल्या पाड्यांवर लाल बावटा घेऊन गेले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघंही सावकाराच्या घरी राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. वेठ आणि लग्नगडी, या दोन गोष्टी मोडण्यासाठी मे १९४५ मध्ये झरीला सभा झाली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण गेले.

माझी एकच कुरकुर: पुस्तकात गोदावरीबाई आणि त्यांचे पती शामराव इतके पुढे आहेत की वारली पुढारी स्वतः काय विचार करत होते ते अधूनमधूनच दिसतं. चर्चेला हाच मुद्दा घ्या.

खडूसकाका

बेचाळीसवर कोणीच बोलत नाही हे पाहून गंमत वाटली.

गिरणगावकर

बोलतो की. जून १९४१ पर्यंत पक्षासाठी ते साम्राज्यशाही युद्ध होतं. हिटलरने रशियावर हल्ला केला आणि त्या वर्षाअखेर ते लोकयुद्ध झालं. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरची बंदी उठवली. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर काँग्रेस महासमितीत 'छोडो भारत'च्या ठरावाविरुद्ध मत देणारे तेरा जण होते, बहुतेक कम्युनिस्टच, आणि गांधीजींनी भाषणात त्यांच्या धैर्याचं अभिनंदन केलं. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे, पण लोक आपल्या सोयीचं एकच उचलतात.

माझं मत विचाराल तर धोरण चुकलं. फॅसिझमचा धोका खरा होता, पण ज्या क्षणी सगळा देश रस्त्यावर उतरत होता त्या क्षणी उत्पादन चालू ठेवा म्हणणं कामगारालाही पटवता आलं नाही. ते पटवण्याचा प्रयत्न कसा झाला ते पाहायचं तर 'लोकयुद्ध' साप्ताहिकाचे अंक मिळवा आणि अण्णाभाऊंचा १९४३ चा स्टालिनग्राडचा पोवाडा वाचा. ठरावात जी कसरत वाटते ती पोवाड्यात रक्तामांसाची होते. शाहिरांना बाजूला ठेवून हा इतिहास वाचताच येणार नाही. अमर शेख, गवाणकर, अण्णाभाऊ यांचं लाल बावटा कलापथक घ्याच.

तळेगावचा_तात्या

बेचाळीसचं बोलताना एक धागा सुटतोय. या धोरणामुळेच महाराष्ट्रात एक गट पक्षाबाहेर पडला आणि त्यांनी नवजीवन संघटना काढली. तीच मंडळी काही काळ शेतकरी कामगार पक्षात, मग कामगार किसान पक्ष आणि पुढे लाल निशाण पक्ष. एस. के. लिमये, दत्ता देशमुख, यशवंत चव्हाण ही नावं शोधा. स्वतःला कम्युनिस्ट म्हणवणारे, पण ना मॉस्कोशी बांधलेले ना दिल्लीच्या कार्यालयाशी. साखर कामगारांपासून शेतमजुरांपर्यंत त्यांचं काम महाराष्ट्रातच रुजलं. यांच्यावर बाजारात तयार इतिहास शोधत बसू नका. पुणे आणि नगरकडच्या जुन्या कार्यकर्त्यांकडे पुस्तिका आणि 'श्रमिक विचार'चे अंक सापडतात. तुमच्या गटातल्या निवृत्तांपैकी कोणी युनियनमध्ये असेल तर आधी त्यांचंच कपाट उघडायला सांगा.

निळी_शाई

१९६४ ला थांबणार असाल तर निदान संयुक्त महाराष्ट्राला दोन बैठका द्या. १९५६ ची संयुक्त महाराष्ट्र समिती म्हणजे डांगे, एस. एम. जोशी, अत्रे, प्रबोधनकार एका व्यासपीठावर. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे. १९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबईत काँग्रेसला हादरवलं आणि पुढच्या वर्षी मीरतचे जुने आरोपी मिरजकर मुंबईचे महापौर झाले! पक्षाचा मुंबईतला चढ तो हाच. पण वर्गाचा पक्ष भाषेच्या चळवळीवर स्वार झाला की त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न तिथेच सुरू होतो. ५ जून १९७० ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि त्यांच्या परळच्या जागेवर पत्नी सरोजिनी उभ्या राहिल्या. त्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. तुमच्या मर्यादेबाहेरचं आहे, तरी शेवटच्या बैठकीत हा मतदारसंघ काढाच.

बोरूबहाद्दर

वाचनखूण साठवली, सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: पहिला महिना गोदावरीबाई, मग १९२८ चा संप आणि साचेखातं एकत्र, मग मीरत, मग बेचाळीस दोन्ही बाजूंनी, लाल निशाणसकट. संयुक्त महाराष्ट्राला दोन बैठका. १९६४ च्या फुटीचं काय करू? चीन, रशिया, ठराव, प्रतिठराव यात गट झोपेल.

फाईलवाला

डांगे-पत्रांवरून घ्या, कोणी झोपणार नाही. १९२४ च्या कानपूर कट-खटल्यात शिक्षा झाल्यावर तुरुंगातून डांग्यांनी इंग्रज सरकारला मदतीची तयारी दाखवली अशी पत्रं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असल्याचं १९६४ च्या मार्चमध्ये छापून आलं. डांगे म्हणाले बनावट. एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेतून ३२ जण उठून गेले. फूट पत्रांमुळे पडली नाही. चीनयुद्ध आणि काँग्रेसशी कसं वागायचं, हे वाद आधीच पेटले होते. पण पत्रं खरी की खोटी यावर कोण काय म्हणालं आणि तो नंतर कुठल्या पक्षात गेला, असा तक्ता फळ्यावर मांडा. बाकीचे ठराव लोक आपणहून वाचायला मागतील.

खडूसकाका

त्या बैठकीला मला बोलवा. चहा माझ्याकडून, बाजू मात्र मी आधी सांगणार नाही.