‘दान पावलं’ हा कोडवर्ड नव्हे

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत रविवारी जे झालं, त्याचे तीन वेगवेगळे किस्से आपल्या फॅमिली ग्रुपवर फिरतायत. म्हणून मूळ चॅटच टाकतोय. पाणी, पार्किंग आणि गुड मॉर्निंगचे गुलाब वगळलेत. मधे मधे माझं बोलणं आहे, ते चॅटमध्ये नव्हतं.

सकाळी ८:०७

शिंदे काका (ए-२०२): सावधान!! ठाणे, कळवा, दिवा परिसरात मुलं पळवणारी ५०० जणांची टोळी उतरली आहे. साधू, भिकारी, भंगारवाले अशा वेषात फिरतात. मराठी बोलत नाहीत. किडनी काढून विकतात. पोलिसांनी स्वतः कळवले आहे. आपल्या मुलांसाठी एवढे कराच, १० ग्रुपवर पाठवा.

वर दोन बाण आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का. खाली नऊ अंगठे. त्यातला एक माझा, खोटं कशाला बोलू. दात घासता घासता दिला.

८:३१

नेहा (सी-११०४): [फोटो] हा माणूस कोणाच्या ओळखीचा आहे का? बी विंगचं मूल त्याच्या मागे मागे चाललंय!!

कदम (सिक्युरिटी कमिटी): वॉचमनला सांगितलं. थांबवलाय. केबिनमध्ये बसवलाय.

कदम: झोळी उघडायला तयार नाही.

नेहा: मराठी नाही वाटत. ऐका. [व्हॉइस नोट, ११ सेकंद]

शिंदे काका: बघा. सकाळीच टाकलं होतं मी.

कदम: दान पावलं दान पावलं असं काहीतरी बोलतोय. मधे गावांची नावं घेतोय. कोडवर्ड असणार. साथीदार बाहेर असतील.

बी-६०४: येतोय खाली.

डी-३०१: मी पण. स्टंप घेऊन येतो.

डी-७०२: याला पोलिसांत देण्याआधी जरा विचारपूस करू.

घरत ताई (बी-१०१): कोणीही खाली जाऊ नका.

घरत ताई: कदम, केबिनचं दार उघडं ठेवायला सांग. आत्ताच्या आत्ता.

घरत ताई: मी ११२ लावलाय. तोवर त्याला पाणी द्या. मी गेटवर जातेय. स्टंप घेऊन येणाऱ्याने आधी माझ्याशी बोलायचं.

घरत ताई इथल्याच. आमचं पोडियम पार्किंग आहे तिथे त्यांच्या आजोबांचं भात व्हायचं. महापालिकेच्या शाळेत शिकवून रिटायर झाल्या. ग्रुपवर एरवी फक्त टँकरच्या हिशोबाबद्दल लिहितात, त्यामुळे त्यांचे लागोपाठ तीन मेसेज बघून लोक बिचकले असावेत. दोन मिनिटं कोणीच काही टाकलं नाही. आमच्या ग्रुपसाठी हे फारच झालं.

कदम: ताई, मुलांचा प्रश्न आहे. रिस्क कशाला घ्यायची?

घरत ताई: रिस्कचंच बोलते. १ जुलै २०१८, रविवारच होता. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूरकडचे पाच जण, जास्त करून मंगळवेढ्याचे, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत फिरणारे. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलायला गेला असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्याआधी कित्येक दिवस त्या भागात हाच मेसेज फिरत होता, मुलं पळवणारी टोळी. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं. विचारपूस करायला. पाचही जण मेले. आपली केबिन त्या खोलीपेक्षा लहान आहे कदम, म्हणून दार उघडं ठेव म्हटलं.

घरत ताई: आणि तेव्हा त्या मेसेजसोबत जो व्हिडिओ फिरायचा, बाइकवरून दोघं येतात आणि गल्लीत खेळणारं पोरगं उचलून नेतात, तो कराचीचा होता. मुलांकडे लक्ष ठेवा असं सांगणारी जनजागृतीची फिल्म. शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला. तिकडे शेवट कापला आणि इकडे माणसं मेली.

नेहा: बापरे. तो व्हिडिओ माझ्याकडेही आला होता तेव्हा.

घरत ताई: सगळ्यांकडेच आला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. ते दोन बाण बघता ना, ते आले २०१९ मध्ये. पाच-पाच हात फिरून आलेल्या मेसेजवर लागतात. शिंदे भाऊ, तुमच्या मेसेजला ते होते. आणि असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. म्हणजे १० ग्रुपवर टाकायला दहा वेळा मुद्दाम बटण दाबावं लागतं.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, हा विषय थांबवा 🙏 असल्या मेसेजवरून ॲडमिनला थेट अटक होते. मला बीपी आहे.

ॲड. देसाई (डी-५०३): सर, हेही फॉरवर्डमधूनच आलंय तुमच्याकडे. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय, मेंबरने काहीही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही. त्याचा त्यात हात होता हे दाखवावं लागतं. अफवा पसरवणाऱ्यावर मात्र कलम आहे, भारतीय न्याय संहितेचं ३५३. आधीच्या दंड संहितेचं ५०५.

सेक्रेटरी: म्हणजे मला नाही ना?

ॲड. देसाई: तुम्हाला नाही. गोळी घ्या आणि पडा.

८:५२

त्रिपाठीजी (ए-९०१): मी आत्ता फोटो बघितला. अहो हा वासुदेव आहे!

कदम: कोण वासुदेव? ओळखता का तुम्ही?

त्रिपाठीजी: अहो नाव नाही. वासुदेव. पहाटे येतात, गाणं म्हणतात, धान्य-पैसे घेतात. डोंबिवलीला आमच्या चाळीत दर वर्षी यायचे. माझी आई तांदूळ द्यायची. टाळ-चिपळ्या असतात बघा हातात.

त्रिपाठीजी: दान मिळालं की सगळ्या देवांची नावं घेऊन सांगतात की तुमचं दान त्यांना पोचलं. पंढरपूर, जेजुरी, तुळजापूर. तीच गावं.

घरत ताई: टोपी झोळीत आहे. मोराच्या पिसांची. टीएमटी बसच्या गर्दीत पिसं मोडतात म्हणून काढून ठेवली होती. झोळी उघडत नव्हता तो म्हणून. आता मला दाखवली त्याने.

आरवची आई (बी-८०३): आरव कधीपासून रडून तेच सांगतोय, मोराची टोपी मोराची टोपी. कोणी ऐकेचना. त्याला हात लावायचा होता. गेटबाहेर टोपी घातलेली बघितली असणार त्याने. मीच येते खाली.

मी त्या वेळी बाल्कनीतून बघत होतो. केबिनच्या पायरीवर तो माणूस बसलेला, साठीचा असेल, गुडघ्यांवर झोळी, झोळीवर दोन्ही हात. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत घरत ताई, गाऊनवर ओढणी घेऊन. स्टंप घेतलेला मुलगा जिमच्या कोपऱ्यापर्यंत आला होता. तिथूनच वळला. वळताना त्याने स्टंप पाठीमागे धरला होता, तेवढं दिसलं.

पोलीस नऊला आले. आधार बघितलं, गाव विचारलं, दहा मिनिटांत गेले.

९:२०

शिंदे काका: ठीक आहे, हा निघाला वासुदेव. पण पोलिसांनी कळवलं होतं त्याचं काय?

घरत ताई: कोणत्या पोलिसांनी भाऊ? ठाणे शहर? कोणतं स्टेशन? कोणत्या तारखेला? मेसेजमध्ये यातलं काहीच नाही. ५०० मोजले कोणी? ५०० मोजता आले तर पकडता नसते आले?

डॉ. नाईक (सी-२०१): किडनीवर मी बोलतो. रक्तगट आणि क्रॉसमॅच जुळायला हवा, ऑपरेशन थिएटर हवं, भूलतज्ज्ञ हवा, आणि काढलेली किडनी बर्फात ठेवूनही साधारण दीड दिवसाच्या आत बसवावी लागते. झोळीत घालून दिव्याला न्यायची वस्तू नाही ती. किडनीचे खरे घोटाळे झालेत, नाही असं नाही. ते गरीब मोठ्या माणसांना पैशाचं आमिष दाखवून, कागदपत्रं खोटी करून, दवाखान्यात झालेत.

कदम: ताई, प्रत्येक गोष्ट खोटी म्हणून कसं चालेल? मॉलमध्ये बिबट्या आला तेव्हा पण तुम्ही अफवा म्हणाला होतात.

घरत ताई: म्हणाले होते. चुकले होते. २० फेब्रुवारी २०१९, समतानगरचा मॉल. पण तेव्हा मॉलच्या कॅमेऱ्यातलं चित्र होतं, वेळ होती, वनखातं आलं आणि त्याच दिवशी जवळच्या हॉटेलच्या आवारातून बिबट्या पकडून नेला. दुपारपर्यंत मी ग्रुपवर चुकले असं लिहिलंही. तुझ्या कोडवर्डचं काय ते लिही आता.

कदमांनी अंगठा दिला. त्यांचा स्वभाव बघता ही लेखी माफीच.

इथे विषय संपायला हरकत नव्हती. पण घरत ताईंनी आणखी एक काडी टाकली.

घरत ताई: आणि नेहा, रागावू नकोस, पण मराठी नाही वाटत हे तू कशावरून ठरवलंस? तो कराडकडचा आहे. माझी आई लिफ्टमध्ये फोनवर आगरी बोलते तेव्हा दोघांनी मला विचारलंय, कोणती भाषा ही?

नेहा: सॉरी ताई. मी पुण्यात वाढले, वासुदेव फक्त पुस्तकात बघितला होता. रंगीत टोपीसकट.

जोशी सर (सी-६०२): म्हणून म्हणतो, एक भाषा असावी सगळ्यांना. हिंदी राष्ट्रभाषा आहेच, तीच वापरली तर हे गोंधळ होणार नाहीत.

ॲड. देसाई: सर, संविधानात राष्ट्रभाषा हा शब्दच नाही. कलम ३४३, हिंदी ही संघराज्याची राजभाषा, म्हणजे केंद्राच्या कारभाराची. आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्यात मराठी आणि हिंदी एकाच रांगेत. महाराष्ट्राच्या कारभाराची भाषा मराठी, १९६४ चा कायदा आहे.

जोशी सर: शाळेत आम्हाला राष्ट्रभाषा म्हणूनच शिकवलं.

त्रिपाठीजी: आम्हाला पण, सर. मी तर मार्क पण मिळवले त्याचे.

डी-७०२: मराठीच श्रेष्ठ! [फॉरवर्ड] अभिमान असेल तर शेअर करा, युनेस्कोने मराठीला जगातील सर्वात गोड भाषा म्हणून घोषित केले. नासानेही कॉम्प्युटरसाठी मराठी निवडली.

यावर बदाबदा बदाम पडले. मला वाटलं, आता ताई गप्प बसतील, आपल्याच बाजूचं आहे.

घरत ताई: यावर पण दोन बाण आहेत.

घरत ताई: युनेस्को भाषांना गोडीचे नंबर देत नाही. हाच मेसेज बंगाल्यांकडे बंगालीच्या नावाने फिरतो. नासाचं मूळ असं आहे की तिथे काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज नावाच्या संशोधकाने १९८५ मध्ये एक लेख लिहिला होता, संस्कृत व्याकरणाची मांडणी कॉम्प्युटरला उपयोगी पडेल असा. संस्कृतवर. एका माणसाचा लेख. नासाने काही निवडलं-बिवडलं नाही.

डी-७०२: ताई तुम्ही मराठी असून?

घरत ताई: मराठी आहे म्हणूनच लाज वाटते. खरं काय कमी आहे का? ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीसोबत. त्यासाठी पठारे समितीने अहवाल केला तेव्हा कागद गोळा केले, अंगठे नाही. आपल्याच जिल्ह्याच्या हद्दीवर, मुरबाडच्या टोकाला नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत लेख आहे, सातवाहनांच्या नागनिका राणीचा. वैशाखऱ्याहून चढायचं. इथल्या किती जणांनी बघितलाय?

डी-७०२: ट्रेक काढूया का?

सेक्रेटरी: ट्रेकसाठी वेगळा ग्रुप करा 🙏

मग पंधरा मेसेज ट्रेकच्या बसचे. ते गाळतो. बस अजून ठरलेली नाही.

मधल्या वेळेत आरवच्या आईने वासुदेवाला चहा-पोहे दिले. त्याने टोपी काढून आरवच्या डोक्यावर ठेवली, ती नाकापर्यंत आली. फोटो काढू का म्हणून नेहाने विचारलं तेव्हा तो नको म्हणाला. सकाळपासून पुष्कळ काढलेत, म्हणाला. जाताना चिपळ्या वाजवल्या नाहीत. गेटबाहेर पडेपर्यंत टोपीही घातली नाही.

११:४०

शिंदे काकांनी हा मेसेज डिलीट केला.

नेहा: मी पण फोटो काढून टाकला. सॉरी सगळ्यांना.

शिंदे काका: घरत ताई, मी अजून तीन ग्रुपवर टाकला होता. दोनांतून काढला. तिसऱ्यावरून निघत नाहीये. तिथे काय लिहू?

घरत ताई: जे झालं तेच लिहा. तुमच्या शब्दांत.

शिंदे काका: बरं.

संध्याकाळी ५:१५

सी-४०१: अहो हे बघा काय आलंय, माझ्या वहिनीच्या कल्याणच्या ग्रुपवरून. [फोटो] ‘ठाण्यात टोळीचा म्होरक्या जेरबंद!! जागरूक रहिवाशांनी चोप देऊन पोलिसांच्या ताब्यात दिले. झोळीत मुलांचे कपडे सापडले.’

फोटो नेहाचाच. मागे आमच्या गेटवरची पाटी, अर्धी कापलेली, पण नाव वाचता येतं. वर दोन बाण.

कदम: चोप कोणी दिला??

आरवची आई: त्यात आरव दिसतोय. प्लीज काढायला सांगा कोणीतरी.

घरत ताई: वहिनींकडून त्या ग्रुपच्या ॲडमिनचा नंबर घ्या.

शिंदे काका: मला द्या नंबर. मी बोलतो.

५:४८

शिंदे काका: बोललो. भले गृहस्थ आहेत, लगेच काढला. पण म्हणाले, त्यांच्याकडे तो अंबरनाथच्या ग्रुपवरून आला. तिथला नंबर मागितलाय.