अनुभव धागा: गेममधल्या गाड्यांचे आवाज – तुमच्या कानात कोणता राहिलाय?

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच.

२००६ची उन्हाळ्याची सुट्टी. कोल्हापूरला मामाकडे प्लेस्टेशन २ होता आणि त्यावर ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’. मामेभावाने गेममधल्या खलनायकाला, रेझरला हरवून ती निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर परत मिळवलेली. पण ताईची सीईटी तोंडावर आली होती, त्यामुळे मामीचा हुकूम सुटला: खेळा, पण आवाज बंद. मी ती गाडी म्यूटवर चालवली आणि ज्या वळणातून रोज सहज निघायचो तिथेच सारखा भिंतीला धडकायला लागलो. आरपीएमचा काटा समोर होता, पण भर वेगात तो बघणार कधी? तिसऱ्या दिवशी मामाने टीव्हीला हेडफोन जोडून दिला. इंजिनाच्या वरून जाणारी गिअरबॉक्सची ती सरळ दात्यांची शीळ परत कानात आली आणि हात आपोआप ताळ्यावर आले. गाडी आपण कानाने चालवतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तर सांगा, कन्सोलवर खेळताना कोणता आवाज खरा वाटला, कोणता खोटा, आणि ते कशावरून कळलं? गेमचं नाव आठवत नसेल तरी चालेल. आवाज कसा होता ते लिहा.

सांगली, गॅरेज

बाबांचं गॅरेज, आता मी बघतो. शाळेत असताना हॉलमध्ये एक गेम खेळत होतो (नाव घेत नाही), गाडी घाट चढत होती. बाबा जेवायला बसलेले, पाठ टीव्हीकडे. म्हणाले, “गाडी उभी करून रेस देतोयस का रे?” म्हटलं नाही, चढावर आहे. “मग इंजिन वजन का उचलत नाहीये?”

आज हे मी रोज ऐकतो. कुठलीही गाडी न्यूट्रलला ३००० आरपीएमवर धरा, आणि तीच गाडी चौघं बसवून चढाला ३०००वर धरा. काटा एकाच जागी, आवाज मात्र दोन. लोडवर सायलेन्सरचा आवाज भरीव येतो आणि एअर फिल्टरकडून हवा ओढल्याचा घोगरा सूर त्यात मिसळतो. अ‍ॅक्सिलेटर सोडला की तो सूर एकदम गायब होतो, मागे फटफट उरते. चांगले गेमवाले गाडी डायनोच्या (जागेवरच चाकं फिरवून ताकद मोजायच्या यंत्राच्या) रोलरवर चढवून दोन्ही वेगवेगळं रेकॉर्ड करतात, पाय दाबलेला आणि पाय सोडलेला. त्या जुन्या गेममध्ये बहुधा एकच आवाज दोन्हीकडे चालवला होता.

पुढे पीएस४वर ‘ड्राइव्हक्लब’ आणला. वळणाआधी ब्रेक मारला, सायलेन्सर फटफटला, आणि बाबा ताट घेऊन टीव्हीसमोर येऊन बसले. काही बोलले नाहीत. दोन लॅप बघितल्या आणि हात धुवायला उठले.

मुंबई, साउंडचं काम करतो

सांगलीकर, तुमच्या बाबांच्या कानाला नमस्कार! आमच्या स्टुडिओत असे कान हवेत.

तांत्रिक बाजू थोडी सांगतो. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये आवाजासाठीची मेमरी होती ५१२ केबी. रेसमधल्या सगळ्या गाड्या, टायर, धडक, सगळं त्यातच बसवायचं. एका इंजिनाच्या वाट्याला येणार जेमतेम काही इवलेसे तुकडे. मग तोच तुकडा गोल फिरवत ठेवायचा आणि आरपीएम वाढले की त्याची पट्टी वर ओढायची. घोळ तिथेच होतो. कॅसेट जोरात फिरवली की माणसाचा आवाज चिरका होतो ना, अगदी तसं. इंजिन जोरात फिरलं म्हणून खऱ्या गाडीच्या सायलेन्सरची नळी आखूड होत नाही. त्या नळीचा स्वतःचा घुमार जिथल्या तिथे राहतो, त्यातून जाणारे धक्के फक्त दाट होतात. तुकडा ताणला की घुमारही सुरासोबत वर सरकतो आणि गाडी मिक्सरसारखी वाजते. प्लेस्टेशन ३च्या काळातसुद्धा ‘ग्रॅन टुरिस्मो’च्या गाड्यांना जगभरातले खेळाडू व्हॅक्यूम क्लीनर म्हणत. २०१७च्या ‘ग्रॅन टुरिस्मो स्पोर्ट’पासून त्यात खूप फरक पडला.

ताणाताणी टाळायचा एक उपाय असा: इंजिन खालपासून वरपर्यंत सलग चढवत एकच लांब रेकॉर्डिंग करायचं, त्याचे अगदी बारीक कण करायचे आणि ज्या आरपीएमला गाडी आहे तिथलेच कण वाजवायचे. त्यामुळे फारसं काही ताणावं लागत नाही. ऐकणाऱ्याला फरक शब्दांत सांगता येत नाही, पण खांदे सैल पडतात. माझे तरी पडतात.

सध्या बंगळुरू, तेव्हा दिल्लीत नोकरी

३० ऑक्टोबर २०११, बुद्ध सर्किट, भारतातली पहिली एफ-वन शर्यत. मी स्टँडमध्ये होतो. व्ही८ म्हणजे आठ सिलिंडरची इंजिनं, १८,००० आरपीएमची मर्यादा. सेकंदाला ३०० फेरे, आणि फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला १२०० स्फोट. कानात बोळे घातलेले असूनही तो आवाज दातांत जाणवत होता.

‘एफ-वन २०११’ गेममध्ये हेच सर्किट होतं. त्याच लांब सरळ रस्त्यावर मी शेकडो वेळा गेलो असेन. पट्टी बरोबर, गिअर बदलतानाचा खटका बरोबर, पण दात शांत. घरच्या स्पीकरकडून ती अपेक्षा नाहीच.

२०१४ला खऱ्या गाड्या १.६ लिटरच्या टर्बो व्ही६ झाल्या आणि गेमचाही आवाज खाली आला. मित्र चिडले. मला मात्र ते योग्यच वाटलं. टर्बो हा सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूची ताकद स्वतःच खातो, मग आवाज उतरणारच. बरं वाटावं म्हणून जुना आवाज चिकटवला असता तर तो खोटेपणा झाला असता.

*(धागाकर्ता: हे मी कधी असं बघितलंच नव्हतं. शांत आवाजसुद्धा खरा असू शकतो, पटलं.)*

सातारा

काकांची आरएक्स१०० अजून घरी आहे. ९८ सीसी, टू-स्ट्रोक. माझ्या कानाचं माप तेच. म्हणून ‘मोटोजीपी २०’मधल्या जुन्या ५०० सीसी टू-स्ट्रोक गाड्या लावल्या तेव्हा पहिल्या पिळातच अंगावर काटा आला. तोच कोरडा, टणटणीत आवाज, फक्त कितीतरी रागावलेला.

नाशिक

सगळे इंजिनावर बोलताय, मी खडीवर बोलते. ‘डर्ट रॅली २.०’ खेळताना मला रस्ता आधी ऐकू येतो. बारीक मुरूम असेल तर गाडीच्या पोटाखाली सतत सरसर, मोठी खडी आली की ठण्ण. चाकं सुटली की ती सरसर लांबते, इंजिन मात्र एकदम हलकं होऊन वर पळतं. ते दोन आवाज एकमेकांपासून सुटले की मी पाय उचलते. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर पुढचं वळण सांगतच असतो, तरी माझा अर्धा कान खालीच असतो. आमच्याकडे रॅली बघायला गेलेल्यांना हा आवाज ओळखीचा असेल.

योकोहामा

दाइकोकू पार्किंगला रात्री शौकीन लोक गाड्या घेऊन येतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाठीमागून एक गाडी आत शिरली. मी न वळता म्हणालो, स्कायलाइन, सहा सिलिंडर. वळलो तर खरंच स्कायलाइन, आर३४ जीटी-आर. तोवर खरी कधी ऐकलीच नव्हती, सगळी ओळख गेममधली.

ठाणे

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून दिसत नाही. लहानपणी मी गेम खेळायचे आणि तो शेजारी बसून ऐकायचा. कुठली गाडी पुढे गेली ते मला सांगायचा. ऑक्टोबर २०२३मध्ये ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ आला, त्यात अंध खेळाडूंसाठी आवाजाच्या खुणा आहेत. वळण येतंय, कुठल्या बाजूला, रस्त्याची कड किती जवळ, वेग कधी कमी करायचा, गिअर कधी बदलायचा, प्रत्येकाचा सूर वेगळा. पहिल्या दिवशी त्या सगळ्या सुरांच्या गर्दीत तो गोंधळला. एकही लॅप पूर्ण झाली नाही, पण कंट्रोलर खाली ठेवला नाही. मी रात्री अकराला जेवायला बोलावलं तर म्हणाला, “थांब, मला हे तिसरं वळण कळायला लागलंय.”

दोनेक आठवड्यांनी त्याने गिअरची खूण बंद करायला सांगितली. का विचारलं तर म्हणाला, “ते गाडीच सांगते की.”

परवा रात्री मी एकटीच खेळत होते. तो बाजूला सोफ्यावर आडवा, डोक्यावर चादर, मला वाटलं झोपला. सरळ रस्त्यावर मी तिसऱ्यातच गाडी ताणत होते. चादरीतून आवाज आला, “ताई, किती रडवतेस तिला, चौथा टाक.”