पुढच्या दातांची कॅप आणि व्हिनिअर : लिथियम डायसिलिकेट घ्यावे की झिर्कोनिया?

प्रश्न

माझ्या वरच्या मधल्या दोन दातांपैकी एकाचे रूट कॅनाल पूर्वी झाले असून तो आता करडा दिसू लागला आहे. त्याला कॅप बसवावी आणि शेजारच्या, कड झिजलेल्या दाताला व्हिनिअर (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा सिरॅमिकचा पातळ पापुद्रा) लावावे, असा विचार चालू आहे. एका दंतवैद्यांनी दोन्हींसाठी लिथियम डायसिलिकेट (काचयुक्त सिरॅमिक) सुचवले, तर दुसऱ्यांच्या मते झिर्कोनिया (काच नसलेले सिरॅमिक) दुपटीहून अधिक मजबूत असल्याने तेच घ्यावे. मला झोपेत दात खाण्याची थोडी सवय आहे, पण दोन्ही दात एकसारखे दिसावेत ही मुख्य अपेक्षा आहे. निवड कशाच्या आधारे करावी?

प्रतिसाद १ (प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कॅप व कृत्रिम दातांचे तज्ज्ञ)

‘दुपटीहून अधिक’ हे कोणत्या झिर्कोनियाबद्दल सांगितले गेले, ते आधी विचारून घ्या. लिथियम डायसिलिकेटची वाक सहन करण्याची ताकद साधारण ४०० मेगापास्कल (ताकद मोजण्याचे एकक) असते आणि सुमारे ३ मोल टक्के इट्रिया (झिर्कोनियात मिसळले जाणारे ऑक्साइड) असलेल्या जुन्या, अपारदर्शक झिर्कोनियाची ९०० ते १२००. या झिर्कोनियात तडा जाऊ लागला की त्याच्या टोकापाशी असलेले स्फटिक आपले रूप बदलून किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. त्याच्या चिवटपणाचे कारण हेच. मात्र पुढच्या दातांसाठी जे पारभासक झिर्कोनिया दिले जाते, त्यात इट्रिया ५ मोल टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे प्रकाश अधिक आरपार जातो, पण तडा रोखण्याची ती सोय जवळजवळ संपते आणि ताकद बरीच खाली येते.

व्हिनिअरच्या बाबतीत तर या आकड्यांना मी फारसे महत्त्व देत नाही. फेल्डस्पार या खनिजापासूनच्या पारंपरिक पोर्सेलिनची स्वतःची ताकद जेमतेम १०० मेगापास्कलच्या घरात असते, तरीही अर्ध्या मिलिमीटरचे व्हिनिअर इनॅमलला (दाताच्या बाहेरच्या कठीण थराला) नीट चिकटले तर वर्षानुवर्षे टिकते. काचयुक्त सिरॅमिकवर हायड्रोफ्लोरिक आम्ल लावले की काच विरघळून पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे पडतात, त्यावर सिलेन (सिरॅमिक आणि रेझिन यांना जोडणारे रसायन) लावले जाते आणि मग रेझिन सिमेंट घट्ट पकड घेते. झिर्कोनियात काचच नसल्याने हे आम्ल तिथे निरुपयोगी ठरते. त्यावर ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून फॉस्फेटयुक्त प्रायमर लावावा लागतो. कॅपसाठी ते चालते, कारण कॅप दाताला चहूबाजूंनी धरून बसते. व्हिनिअर मात्र केवळ चिकटण्याच्या जोरावर टिकते, म्हणून तिथे मी लिथियम डायसिलिकेट किंवा फेल्डस्पार पोर्सेलिनच वापरतो.

प्रतिसाद २ (डेंटल लॅबमधील तंत्रज्ञ)

लॅबच्या बाजूने सांगायचे तर तुमच्या प्रकरणात पदार्थापेक्षा कॅपच्या आतल्या दाताचा रंग अधिक अडचणीचा आहे. आमच्याकडे अनेकदा कागदावर शेडचा (दाताच्या रंगछटेचा) ‘ए २’ हा संकेत एवढेच लिहून येते. घासून तयार केलेल्या दाताचा, शेजारी शेडची पट्टी धरून काढलेला फोटो सोबत नसेल, तर खाली करडा दात आहे हे आम्हाला कळणार कसे? पारभासक कॅप त्यावर बसवली की करडी छटा वर येतेच, विशेषतः हिरडीजवळ, जिथे सिरॅमिक सर्वांत पातळ असते. ती झाकायची असेल तर सिरॅमिकचा कमी पारभासक ठोकळा (ज्यातून कॅप घडवतात) निवडावा लागतो किंवा जाडी वाढवावी लागते, आणि त्या जाडीसाठी दात तेवढा अधिक घासावा लागतो.

शेड उपचाराच्या सुरुवातीलाच, दात ओले असताना पाहिली जावी, असा आग्रह धरा. तोंड उघडे राहून इनॅमल काही मिनिटांतच सुकते आणि पांढरट दिसू लागते; त्या वेळी घेतलेल्या शेडप्रमाणे केलेले काम नंतर उजळ दिसते. शिवाय दोन्ही दात एकाच तंत्रज्ञाने, एकाच वेळी करावेत.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

कॅप झिर्कोनियाची आणि व्हिनिअर लिथियम डायसिलिकेटचे, असे केल्यास रंग जुळेल का? आणि दात खाण्याच्या सवयीचे काय?

प्रतिसाद ३ (दंतवैद्य)

जुळवता येतो, पण एक कॅप आणि तिच्या शेजारी एक व्हिनिअर ही रंग जुळवण्यातली सर्वांत कठीण जोडी आहे, कारण दोन्हींची जाडी आणि खालचा रंग वेगवेगळा असतो. झिर्कोनियाच घ्यायचे ठरले तर पोर्सेलिनचा थर फक्त समोरच्या बाजूला द्यावा आणि खालचे दात जिथे टेकतात ती आतली बाजू नुसत्या झिर्कोनियाची ठेवावी, कारण वर चढवलेल्या थराचे टवके उडणे ही अशा कॅपची ठाऊक असलेली तक्रार आहे. ती बाजू आरशासारखी पॉलिश केलेली असावी. गुळगुळीत झिर्कोनिया त्यावर टेकणाऱ्या खालच्या दातांना फारसे झिजवत नाही. बसवताना बरने (घासण्याच्या फिरत्या टोकाने) घासून तसेच खडबडीत सोडलेले मात्र झिजवते. सवयीसाठी रात्री वापरायचा नाइट गार्ड दोन्ही पर्यायांत लागेलच.

तथापि मी याआधीचा प्रश्न विचारेन : कॅप खरोखर हवी आहे का? दाढेचे रूट कॅनाल झाले की सहसा कॅप लागते. पुढच्या दाताचा बहुतांश भाग शाबूत असेल तर ती लागेलच असे नाही. अशा दाताचे आतून ब्लीचिंग करता येते. त्याने करडेपणा पुरेसा कमी झाला, तर दोन्ही दातांना लिथियम डायसिलिकेटची व्हिनिअर लावता येतील आणि दोन पदार्थ जुळवण्याचा प्रश्नच उरणार नाही. ब्लीचिंगनंतर सुमारे २ आठवडे थांबावे लागते, कारण दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनची पकड कमकुवत करतो. व्हिनिअर कायमचे चिकटवण्यापूर्वी ट्राय-इन पेस्ट (सिमेंटच्या रंगाची, रंग पाहण्यापुरती तात्पुरती पेस्ट) लावून दोन्ही दात खिडकीजवळच्या उजेडात पाहून घ्या. पातळ व्हिनिअरखाली सिमेंटचा रंगही दिसतो आणि एकदा ते पक्के झाले की बदलता येत नाही.