३० टक्के दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर कोणते शासकीय लाभ मिळतात?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या डोळ्याची दृष्टी अपघातात पूर्णपणे गेली, उजवा डोळा निर्दोष आहे. वैद्यकीय मंडळाने त्याला ३० टक्के दिव्यांगत्वाचे कायमस्वरूपी प्रमाणपत्र दिले आहे. तो स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. नोकरीतील आरक्षण, प्राप्तिकरातील वजावट आणि निवृत्तिवेतन यांपैकी कशास तो पात्र ठरेल? अपील केल्यास टक्केवारी वाढेल का?

उत्तर १ : या तिन्हींपैकी एकासही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय नोकरीतील ४ टक्के आरक्षण ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ असलेल्यांसाठी, म्हणजेच किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी आहे. प्राप्तिकरातील वजावटीचीही किमान मर्यादा तीच असून ती वजावट जुन्या कररचनेतच मिळते. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत तर ८० टक्के दिव्यांगत्वाच्या जोडीला कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असण्याची अट आहे.

उत्तर २ : अपिलाविषयी. अधिनियमाच्या कलम ५९ खाली अपील करता येते, परंतु एका डोळ्याची दृष्टी गेली आणि दुसरा सामान्य असेल, तर मूल्यमापनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतच ३० टक्के निश्चित केलेले आहेत. मंडळाने मनाने कमी आकडा लिहिलेला नाही. जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकणाऱ्या माणसाला हा आकडा अपुरा वाटणे स्वाभाविक आहे, तरी केवळ त्या आधारावर तो बदलणार नाही. उजव्या डोळ्याच्या दृष्टिक्षेत्रात दोष आढळल्यास किंवा श्रवणदोषासारखे दुसरे दिव्यांगत्व असल्यास मात्र फेरतपासणी अवश्य मागावी. अर्थात दोन दिव्यांगत्वांच्या टक्केवारीची सरळ बेरीज होत नाही; त्यासाठी ठरावीक सूत्र आहे.

उत्तर ३ : पहिले उत्तर बरोबर आहे, पण त्यावरून प्रमाणपत्र निरुपयोगी समजू नये. ‘दिव्यांग व्यक्ती’ या व्याख्येत ४० टक्क्यांची अट नाही. याच फरकाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात लेखनिकाची सुविधा केवळ लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. तुमच्या भावाला लिहिण्यात अडचण नसेल तर तिचा उपयोग नाही. परंतु खुल्या जागेवर निवड झाल्यास कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी मागण्याचा हक्क त्याला राहतो. त्याने अर्ज करण्यापूर्वी प्रत्येक पदाचे वैद्यकीय निकष वाचावेत, कारण काही पदांसाठी दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीची अट असते आणि तिथे आरक्षणाचा प्रश्नच उद्भवत नाही.