'बँक एक्झामिनर'ला मराठीत काय म्हणाल?

तळटीप : मंडळी, एक भाषांतराचं काम अंगावर घेतलंय आणि पहिल्याच ओळीला अडकलेय. अमेरिकेत सरकारतर्फे बँका तपासायला जे लोक जातात त्यांना नोकरीत घेतल्यावर काय शिकवतात, पुढे काय काय शिकत राहावं लागतं असा सगळा मजकूर आहे. मी आपलं सरळ 'बँक परीक्षक' लिहून मोकळी झाले, नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, म्हणजे बँकेच्या भरतीचे पेपर काढणारे का? झालं! आता 'कमिशन्ड एक्झामिनर' आणि 'कंटिन्युइंग एज्युकेशन' तर अजून पुढेच आहेत. सुचवा काहीतरी.

कीर्दखतावणी : फक्त 'लेखापरीक्षक' करू नका ताई, तो ऑडिटर. ऑडिटरला बँक नेमते आणि तो जमाखर्च नीट मांडलाय का ते बघतो. एक्झामिनर नियामकाकडून येतो आणि त्याचा प्रश्नच वेगळा, की ही बँक उद्या टिकेल का. माझं मत 'तपासनीस'ला. त्यातला 'नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा, फडणीस चिटणीस यांच्यातलाच, आणि एक्झामिनरचं निम्मं काम रिपोर्ट लिहिण्याचंच असतं की, ट्रेनिंगमध्ये रिपोर्ट कसा लिहायचा हे वेगळं शिकवतात.

आडवाटेने : तपासनीस म्हटलं की मला डब्यात शिरणारा तिकीट तपासनीसच दिसतो बुवा :) जुना शब्द हवा तर 'पोतदार' आहे, सरकारी खजिन्यात येणारं नाणं खरं की खोटं हे पारखून घेणारा. पण ते आता आडनाव झालं, वापरता येणार नाही माहितीये, राहवलं नाही म्हणून लिहिलं.

कीर्दखतावणी : तिकीटवाला चालेल हो, मागे 'बँक' लावलं की प्रश्न मिटला. पण पारखण्याचा मुद्दा बरोबर आहे. मी बरीच वर्षं बँकांच्या तपासणीत काढली म्हणून सांगतो, वर्गात काय शिकवतात ते एकीकडे आणि खरं शिक्षण सीनियरच्या शेजारी खुर्ची टाकून. माझ्या पहिल्या तपासणीत एक कर्जाची फाईल होती, सगळे हप्ते वेळेवर, मी 'उत्तम' असा शेरा मारून बाजूला ठेवली, तर साहेबांनी ती परत उघडली आणि एवढंच विचारलं की शेवटचा हप्ता आला कुठून? बघतो तर आठच दिवस आधी त्याच माणसाला दुसरं कर्ज दिलेलं, त्यातूनच जुन्याचा हप्ता वळता केलेला. सरळ सरळ नवं-जुनं. कागद खोटा एकही नव्हता. याला ऑन द जॉब ट्रेनिंग म्हणतात, आपल्याकडे 'उमेदवारी' हा फर्स्टक्लास शब्द होता, निवडणुकीने खाल्ला.

तळटीप : वा, उमेदवारी घेतेच. माझ्या मजकुरात पण तसंच आहे, काही वर्षं कमिशन्ड माणसाच्या हाताखाली काम, मधेमधे कोर्सेस, मग एक मोठी परीक्षा आणि मग 'कमिशन मिळतं'. हे वाक्य जसंच्या तसं मराठीत लिहिलं तर बिचारा लाच खातोय असं वाटेल!

आडवाटेने : हाहा, बँक तपासून कमिशन! 'सनद' म्हणा की. वकिलाला सनद मिळते तशी यालाही. 'सनदी तपासनीस'. पण सनदी लेखापालाशी घोळ होईल असं वाटलं तर 'सनदप्राप्त'.

कीर्दखतावणी : सनद झकास. अजून एक खड्डा सांगून ठेवतो, कॅमल्स रेटिंग येईल. भांडवल, मालमत्तेचा दर्जा, व्यवस्थापन, कमाई, रोखता आणि बाजारातल्या चढउताराचा परिणाम, या सहांवर १ ते ५ आकडा देतात. त्याला 'गुण' लिहू नका, कारण १ म्हणजे सगळ्यात चांगली आणि ५ म्हणजे गेलेली केस. 'श्रेणी' लिहा. १९७९ मध्ये सुरू झालं तेव्हा पाचच गोष्टी होत्या, बाजाराची सहावी १९९६ मध्ये आली.

तळटीप : बापरे, मी गुणच लिहिलं होतं! आता 'कंटिन्युइंग एज्युकेशन'. 'निरंतर शिक्षण' म्हटलं की रात्रीचे प्रौढ साक्षरता वर्ग आठवतात, 'चालू शिक्षण' तर नकोच, तपासनीसच चालू वाटेल. 'उजळणी' कसं वाटतं?

आडवाटेने : उजळणी म्हणजे पाठ झालेले पाढे परत म्हणणं. या लोकांना सायबर, क्रिप्टो, धोका मोजणारी मॉडेल्स अशी कोरी करकरीत प्रकरणं शिकावी लागतात, त्यात उजळायला आधीचं काय आहे?

कीर्दखतावणी : थोडा असहमत. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली ती काही क्रिप्टोने नाही, लांब मुदतीचे रोखे घेऊन ठेवले, व्याजदर चढले, रोख्यांची किंमत पडली आणि ठेवीदार एकदम दारात आले. पहिल्या वर्षात शिकवतात तो धडा. नंतर फेडने, म्हणजे तिची तपासणी करणाऱ्या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, स्वतःच अहवालात कबूल केलं की आमच्या लोकांना धोका पुरता उमगला नाही आणि जो दिसला त्यावर जोर लावला नाही. म्हणजे उजळणीच कमी पडली ना! तरी शीर्षकात 'सेवांतर्गत प्रशिक्षण' टाका, शिक्षकांमुळे तो शब्द लोकांच्या कानावर आहे, आणि जिथे जुनंच परत घोटून घेतात तिथे उजळणी.

तळटीप : ठरलं मग. बँक तपासनीस, उमेदवारी, सनद, श्रेणी आणि शिक्षणाचे दोन शब्द जागा बघून. फक्त 'परीक्षक' शोधून सगळीकडे एका झटक्यात बदलायला गेले आणि हात आवरला, कारण सनदेच्या परीक्षेचे पेपर तपासणारा जो आहे तो परीक्षकच, तो तसाच ठेवायचाय. बसते आता एकेक ओळ बघत.