झोम्बॉइड (झोम्बींचा गेम): कोण कोणतं पात्र घेणार ते आजच ठरवा

पिंट्या: मी लंबरजॅक (लाकूडतोड्या). बुक. कुणी हात लावायचा नाही 🪓

सोनूदादा: मी पण लंबरजॅकच बनवून ठेवलाय

पिंट्या: दादा मी आधी बोललो

सोनूदादा: बोललास तू आधी. बनवला मी आधी.

मनीताई: म्हणूनच म्हणत होते, सर्व्हर सुरू करण्याआधी बोलून घेऊ. प्रोजेक्ट झोम्बॉइडमध्ये पात्राचा पेशा आणि गुण पॉइंटांवर घ्यायचे: चांगल्याला पॉइंट जातात, उण्या गुणाचे मिळतात. हत्यारांची कौशल्यंही वेगवेगळी असतात. कुऱ्हाड एक, लांब दांडकं (बेसबॉल बॅट, क्रोबार म्हणजे पहार) दुसरं, छोटं दांडकं (हातोडी, पाना, फ्राइंग पॅन) तिसरं, चाकू चौथं, मॅशेटी-कटाना पाचवं, भाला सहावं, आणि बंदुकीचा नेम सगळ्यांहून वेगळा. दोघं लंबरजॅक झालात तर दोघांनाही कुऱ्हाडच हवी. सुरुवातीला चांगली कुऱ्हाड एखादीच हाती लागते. मग एक जण कुऱ्हाड घेऊन मिरवणार आणि दुसरा फ्राइंग पॅन घेऊन, ज्याचं कौशल्य त्याच्याकडे शून्य.

पिंट्या: म्हणजे दादाने सोडावं. ठरलं.

बाळूकाका: मला एकच सांगा. यात बंदूक आहे ना?

मनीताई: आहे काका

बाळूकाका: मग एवढी चर्चा कशाची चाललीय?

मनीताई: काका, एक गोळी झाडली की जो समोर आहे तो पडतो आणि जे दिसत नव्हते ते सगळे चालत येतात. आवाज हीच या गेममधली खरी किंमत. त्यात नेमाचं कौशल्य कमी असेल तर पिस्तुलाच्या निम्म्या गोळ्या हवेत. शॉटगन त्यातल्या त्यात नवख्याला माफ करते, छर्रे पसरतात, पण आवाजही तसाच. बंदूक ठेवायची, पण दुसरा मार्ग नसेल तेव्हासाठी.

बाळूकाका: मी व्हेटरन बघून ठेवलाय. माजी सैनिक. तो घाबरत नाही असं लिहिलंय.

सोनूदादा: काकांनी चक्क वाचलंय 😮

मनीताई: व्हेटरन चांगलाच आहे. ८ पॉइंट जातात, पण नेम आणि रीलोडिंग दोन्ही २ वर सुरू होतात आणि घबराट जवळपास नाहीच. घबराट चढली की नेम बिघडतो, हातातल्या दांडक्याचा मारही कमी होतो. बाकीचे आपण पहिले दिवस घामाघूम असू, काका थंड. फक्त पहिले काही दिवस तुम्ही क्रोबार घ्यायची. गोळ्या साठवून ठेवायच्या.

बाळूकाका: क्रोबारच का? बॅट का नको?

मनीताई: बॅट जास्त लागते, पण लवकर मोडते. क्रोबारइतकं टिकणारं हातातलं हत्यार दुसरं क्वचितच सापडेल. शिवाय न मोडणाऱ्या हत्याराने मारत राहिलं की मेंटेनन्सचं कौशल्य वाढतं, आणि ते वाढलं की पुढची सगळीच हत्यारं जास्त टिकतात. बॅट सापडली तर पाठीला लावा.

बाळूकाका: 👍

मनीताई: आता मुख्य गोष्ट. पॉइंट कशावर घालायचे याला माझा एकच नियम आहे: जे गेम चटकन देतो ते विकत घ्यायचं नाही, जे गेम देतच नाही ते घ्यायचं. कुऱ्हाडीचं कौशल्य मारून मारून चढतं. सुतारकामाचं ओंडके कापून, सामान मोडून आणि टीव्ही बघून चढतं. पण स्ट्रेंथ आणि फिटनेस दोन्ही ५ वर सुरू होतात आणि पुढची पायरी चढायला इतका वेळ लागतो की बहुतेक माणसं त्याआधीच मरतात. स्ट्रेंथवर माराचा जोर आणि किती ओझं उचलता येतं ते ठरतं. फिटनेसवर दम किती टिकतो आणि किती लवकर परत येतो ते. दम संपला की हातात कटाना असली तरी ती काठीच. म्हणून जो पुढे उभा राहून मारणार आहे त्याने पॉइंट तिथेच ओतायचे.

पिंट्या: स्ट्राँग घेतो मग. १० पॉइंट. लंबरजॅकचा १ आणि स्ट्राँगचे ४, मिळून स्ट्रेंथ १० 💪 शिवाय लंबरजॅकची कुऱ्हाड जोरात फिरते. आणि पॉइंट काढायला बहिरा घेतो. १२ पॉइंट फुकट. आपण कॉलवर बोलणारच आहोत, ऐकू येईलच की.

सोनूदादा: हे हुशार आहे राव

मनीताई: अजिबात हुशार नाही. कॉलवर तुला आमचा आवाज येईल, झोम्बीचा नाही. मागून आलेला कळणार नाही, शेजारच्या खोलीत काच फुटली ते कळणार नाही, दार बडवतायत ते कळणार नाही. म्हणजे आमच्यापैकी एकाला कायम तुझी पाठ राखत बसावं लागेल. तुझ्या १२ पॉइंटांसाठी एक माणूस खर्ची पडला.

पिंट्या: मग १२ कुठून आणू

मनीताई: इलिटरेट (निरक्षर) घे. ८ मिळतात.

सोनूदादा: अगं मग पुस्तकं कशी वाचणार? सगळे म्हणतात वाचल्याशिवाय कौशल्य वाढत नाही.

मनीताई: सुतारकाम, शेती, वायरिंग, गाड्या, शिवण, मासेमारी, यांची पुस्तकं आहेत. मारामारीचं एकही पुस्तक नाही. पिंट्या फक्त मारणार आहे. एकट्याने खेळत असता तर इलिटरेट म्हणजे स्वतःच्या पायावर कुऱ्हाड, जनरेटर कसा चालवायचा ते मासिकही वाचता येत नाही. चौघांत एकाने वाचलं तरी भागतं. हा उणा गुण जणू गटात खेळणाऱ्यांसाठीच ठेवलाय.

पिंट्या: ताई मला अडाणी बनवतेय आणि सगळे बघतायत

बाळूकाका: बनवावं लागत नाहीये फारसं

सोनूदादा: 😂😂

मनीताई: आणि एक, मल्टिप्लेअरमध्ये (सगळे एकत्र खेळताना) वेळ पळवता येत नाही. एकट्याने खेळताना पुस्तक उघडलं की फास्ट-फॉरवर्ड. इथे वाचणारा खरोखर बसून राहतो आणि बाकीचे वाट बघतात. म्हणून जो वाचणार त्याने फास्ट रीडर घ्यायचाच. २ पॉइंट लागतात फक्त. स्लो रीडर घेऊन २ पॉइंट कमावलेत तर सगळा गट शिव्या घालेल. झोपेच्या गुणांकडे बघूही नका, मल्टिप्लेअरमध्ये नेहमीच्या सेटिंगला झोपायची गरजच नसते.

सोनूदादा: "जो वाचणार" म्हणजे मी, हे कळलं मला

मनीताई: दादा, तुझ्याइतका धीर कुणाकडे आहे? पिंट्याला दार बंद करायला सांगितलं तरी तो बाहेर जातो.

सोनूदादा: बरं. मग मी कार्पेंटर. उलट २ पॉइंट मिळतात त्याचे.

मनीताई: त्यापेक्षा कन्स्ट्रक्शन वर्कर बघ. २ जातात, म्हणजे कार्पेंटरशी तुलना केली तर ४ चा फरक. पण छोट्या दांडक्याचं कौशल्य ३ वर सुरू होतं आणि सुतारकाम १ वर. कार्पेंटरचं बरोबर उलटं. सुतारकाम १ वरून वर न्यायला टीव्ही आहे. पहिल्या दिवसांत लाइफ अँड लिव्हिंग वाहिनीवर सकाळी ६, दुपारी १२ आणि संध्याकाळी ६ चे कार्यक्रम बघितले की कौशल्य चढतं. हातोडी मारायला टीव्ही शिकवत नाही.

सोनूदादा: म्हणजे मी अपॉकलिप्समध्ये टीव्ही बघत बसू?

मनीताई: हो. आणि मध्ये मध्ये कपाटं मोडायची. खिळे आणि फळ्या मिळतात, कौशल्यही वाढतं.

मामी: हा कुटुंबाचा ग्रुप आहे ना? उद्याचं कुणी काही ठरवलंय का, की नुसती मारामारी?

मनीताई: मामी, उद्याचं ठरलंय, आम्ही संध्याकाळनंतरच बसणार आहोत 🙏

पिंट्या: ठीक. माझं बघा: इलिटरेट ८, हाय थर्स्ट (जास्त तहान) ६, वीक स्टमक (नाजूक पोट) ३, शॉर्ट-साइटेड (लांबचं नीट न दिसणं) २. एकूण १९. खर्च: स्ट्राँग १०, फिट ६, आउटडोअर्समन २.

सोनूदादा: हाय थर्स्ट मी पण घेणार होतो, सोपे ६ आहेत. नळाला पाणी असतंच.

मनीताई: असतं, तोवर सोपे. नेहमीच्या सेटिंगला वीज आणि पाणी पहिल्या ३० दिवसांत कधीही जातं. पहिल्याच दिवशीही जाऊ शकतं. मग पावसाचं पाणी साठवायचं पिंप, त्याला सुतारकाम ४ लागतं, म्हणजे परत दादाच. गटात दोन तहानलेले नकोत, एक परवडेल. पिंट्याकडे राहू दे.

सोनूदादा: मग मी ओव्हरवेट. ६.

मनीताई: तो तर छान आहे. फिटनेस १ ने कमी होतो, पण गेममध्ये वजन उतरलं की गुणही जातो. असे पुढे गळून पडणारे उणे गुण आधी उचलायचे. बाकी स्लो हीलर (जखम उशिरा भरते) ६, शॉर्ट-साइटेड २, ऑल थम्ब्स २. तुझे १६ होतात. त्यात कन्स्ट्रक्शन वर्करचे २, फास्ट रीडर २, फास्ट लर्नर ६, ऑर्गनाइज्ड ६. हिशोब जुळला.

सोनूदादा: ऑल थम्ब्स म्हणजे सामान काढता-ठेवताना वेळ. आणि ऑर्गनाइज्ड म्हणजे पिशवीत जास्त सामान. दोन्ही एकाच माणसाला?

मनीताई: तू तळावर असणार. घाईत सामान उचलायचं काम माझं.

बाळूकाका: तू काय घेतेस ते सांगितलंच नाहीस

मनीताई: बर्ग्लर (घरफोड्या). ६ जातात. पाय हलका, लपणं, आणि निंबल २ वर. निंबल म्हणजे हत्यार उगारून असताना पाय किती चपळ हलतात ते, चाकूवाल्याला दुसरं काही वाचवत नाही. शिवाय गाडीची किल्ली नसली तरी तारा जोडून चालू करता येते. वर कीन हिअरिंग (तीक्ष्ण कान) ६ आणि ग्रेसफुल (चालताना कमी आवाज) ४. पॉइंट काढायला स्मोकर ४, प्रोन टू इलनेस (लवकर आजारी पडणं) ४, स्लो हीलर ६, शॉर्ट-साइटेड २.

सोनूदादा: चाकूने? जवळ जाऊन?

मनीताई: एकटाच झोम्बी असेल तर हंटिंग नाइफ थेट हनुवटीखालून, एका घावात खलास, आवाज नाही. दोन असतील तर मी मागे आणि पिंट्या पुढे. स्वयंपाकघरातला चाकू मात्र त्यासाठी ठेवू नका, पटकन मोडतो. त्याने फांद्या तासून भाले करायचे. भाल्याचा पल्ला लांब आहे, तोही मोडतोच, पण फांद्या काय कमी आहेत? भाल्याचं कौशल्य कुणाचंच नाही, तो सगळ्यांचा राखीव.

बाळूकाका: माझे १० हवेत. व्हेटरनचे ८ आणि डेक्स्ट्रसचे (सामान झटपट हलवणं) २. मी स्लो हीलर आणि स्मोकर घेतो.

मामी: भाऊजी, सिगरेट? 😡

बाळूकाका: अहो वहिनी, गेममध्ये

मामी: गेममध्येसुद्धा नको

मनीताई: काका, तसंही स्मोकर दोन झाले तर सिगरेटींवरून भांडण होईल. तेवढेच ४ हार्टी अपेटाइटचे मिळतात, लवकर भूक लागते फक्त.

मामी: ते शोभतं त्यांना

पिंट्या: 😂

सोनूदादा: तिघांनी स्लो हीलर घेतलाय. चावल्यावर काय?

मनीताई: चावल्यावर काहीच नाही. चावा म्हणजे लागण शंभर टक्के, उतारा नाही. ओरखड्याला ७ टक्के, खोल फाटलं तर २५. स्लो हीलरचा आणि लागणीचा संबंध नाही, त्याने जखम भरायला उशीर होतो एवढंच. म्हणून कपड्यांकडे लक्ष द्या. अग्निशमनवाल्याचं जॅकेट मिळालं तर भांडू नका, पिंट्याचं. पुढे तो उभा असतो.

पिंट्या: 🥹

मनीताई: आणि मेलात तर नवं पात्र शून्यापासून. जुनं पात्र उठून झोम्बी होतं, तुमचं सामान घेऊन फिरतं. ते आपल्यालाच मारावं लागतं.

सोनूदादा: सुरुवात कुठून? वेस्ट पॉइंटला बंदुकांचं दुकान आहे म्हणे

बाळूकाका: वेस्ट पॉइंट

मनीताई: वेस्ट पॉइंटला दुकानापेक्षा गर्दी मोठी आहे. मल्ड्रो गावाचा मुख्य रस्ताही तसाच. रोजवूड घेऊ. केंटकीतल्या ज्या चार गावांतून सुरुवात करता येते त्यांत सगळ्यांत शांत, आणि तिथे अग्निशमन केंद्र आहे, पोलीस ठाणंही आहे. म्हणजे पिंट्याची कुऱ्हाड आणि काकांची शॉटगन एकाच गावात मिळायची शक्यता. फक्त तुरुंगाकडे कुणी जायचं नाही.

पिंट्या: तुरुंगात काय आहे

मनीताई: कैदी. भरपूर.

सोनूदादा: गेमची आवृत्ती बिल्ड ४१ ना? माझ्याकडे ४२ डाउनलोड झालीय.

मनीताई: ४१ वर परत ये. बिल्ड ४२ डिसेंबर २०२४ मध्ये अनस्टेबल (चाचणीतली) म्हणून आली, तिच्यात गुणांचे पॉइंट बरेच बदललेत. वरचा सगळा हिशोब ४१ चा आहे. आणि मल्टि-हिट बंद ठेवतेय, एका वारात एकच पडणार. म्हणून तीनच्या वर दिसले की मागे सरायचं, वीरश्री नको.

पिंट्या: मान्य. पण ताई माझा १ पॉइंट उरतोय

मनीताई: उरू दे

पिंट्या: १ मध्ये स्पीड डेमन येतो

सोनूदादा: नाही

बाळूकाका: तो काय असतो?

सोनूदादा: गाडी भरधाव चालवतो काका. आणि याने शॉर्ट-साइटेड पण घेतलाय.

बाळूकाका: मग मी चालत येईन

मनीताई: पिंट्या, सर्व्हर उघडलाय. पात्र बनव आणि गुणांचा स्क्रीनशॉट इथे टाक. स्पीड डेमन दिसला तर स्टिअरिंग दादाकडे.

पिंट्या: बनवून झालाय 🏎️